परसूच्या पेटीवरची तांबडी रेघ

बंगळूरला समुद्र नाही. नदी म्हणावी अशी नदीही नाही. तळी होती, त्यातली बरीचशी बुजवून लोकांनी वर बसस्टँड न् कॉलन्या उठवल्या. असल्या कोरड्या गावात समुद्राच्या तळाशी कसं हिंडायचं ते शिकवणारा एक क्लब होता, आणि तिथं शिकवायचं काम करत होता परसू. जे. पी. नगरातला पोहायचा तलाव, खोल टोकाला जेमतेम दोन पुरुष पाणी, तळाला निळ्या फरश्या, आणि औषधाचा असा वास की नाकातले केस झडावेत. शनिवार-रविवारी कॉम्प्युटरवाली पोरंपोरी यायची. आठवडाभर खुर्चीत बसून बुडं सपाट झालेली. पाठीवर सिलिंडर बांधून ती त्या निळ्या फरशांवरून सरपटायची आणि वर येऊन एकमेकांना सांगायची, काय भारी वाटलं म्हणून. परसू काठावर उभा राहून बघायचा. त्याच्या मते डबक्यात बसणाऱ्या म्हशी यांच्यापेक्षा शहाण्या. त्या निदान बाहेर येऊन बढाया मारत नाहीत.

परसू सदलग्याकडचा. तिकडं पोरं विहिरीत बुड्या मारतात त्या धोंडा पोटाशी धरून. धोंड्याच्या वजनानं सरसर तळाला जायचं, मूठभर गाळ उचलायचा, धोंडा सोडून वर यायचं. गाळ दाखवला नाही तर बुडी धरत नाहीत. त्या विद्येवर परसू कोचीच्या गोदीत एका ठेकेदाराकडं पाणबुड्या म्हणून लागला. जहाजांच्या बुडाला चिकटलेली कालवं खरवडायची, पंखा वाकलाय का बघायचा, पाण्यात पडलेलं काढून द्यायचं. ऐन जवानी त्यानं तिथं समुद्राखाली घालवली. मग ठेकेदाराचं दुकान बसलं आणि मेव्हण्याच्या ओळखीनं तो बंगळूरला या तलावावर चिकटला. आधी नुसती राखण, कोण बुडतंय का बघायची. पुढं नव्वदनंतर गावात कॉम्प्युटरचं पीक आलं, पोरांच्या खिशात पैसा खुळखुळायला लागला, आणि हा डायव्हिंगचा क्लब निघाला. तेव्हा परसूनं माळ्यावरची पेटी खाली काढली.

ती पेटी कोचीची. ठेकेदाराच्या कामावर एक फिरंगी इंजिनियर होता, त्यानं जाताना ओझं नको म्हणून परसूला देऊन टाकलेली. पिवळ्या टणक फायबरची, पाठीवर बांधली की माणूस कासवासारखा दिसायचा. आता, साधा पाणबुड्या अंगात हवेचं जाकीट घालतो. रबरी पिशवीच ती. खाली जाईल तशी पाण्याच्या दाबानं चेपते, चेपली की माणूस जड होऊन आणखी खाली जातो, मग बटण दाबून हवा भरा. वर येताना तीच पिशवी फुगते न् माणसाला वर ढकलते, मग हवा सोडा. सगळा जन्म बटणाशी खेळण्यात. परसूची पेटी असली नखरेल नव्हती. कवच टणक, चेपायचं नाव नाही. सुरुवातीला खालची तोटी उघडून आत बेताचं पाणी घ्यायचं, माणूस ना तरंगतो ना बुडतो असं झालं की तोटी बंद. पुढं सिलिंडरातनं बारीक नळीनं येणारी हवा आतला दाब बाहेरच्याबरोबर ठेवते. दोन पुरुष जा, दहा पुरुष जा, पेटीचं उचलणं तेवढंच. ना कमी ना जास्त.

आत पाणी किती घेतलं ते दिसायला कडेला एक पारदर्शक नळी होती. कोचीला पहिल्याच महिन्यात परसूनं नेमकी पातळी धरून त्या नळीवर तांबड्या रंगाची रेघ ओढली होती. बंगळूरच्या तलावात इतक्या वर्षांनी पेटी बांधून उतरला, रेघेपर्यंत पाणी घेतलं, आणि बरोब्बर अधांतरी राहिला. केसभर वर नाही की खाली नाही. त्या दिवसापासून तो माणूस हातात राहिला नाही. येईल त्याला नळी दाखवायचा.

"बगा. कोचीला वढल्याली रेग हाय ही. हितं बी तीच चालती. पेटी बी तीच न् मी बी त्योच."

पेटी तीच होती, यात वाद नाही. तो तोच होता हे म्हणायला मात्र छाती लागते. तलावाच्या फाटकासमोर एक दर्शिनी झाली होती. उभ्या उभ्या खायचं हॉटेल. तिथं सकाळी परसूचा केसरीभात न् काराभात, म्हणजे शिरा न् उपीट, व्हायचा, तलाव आवरला की लोणी थापलेला डोसा, आणि मालक ओळखीचा म्हणून वर आणखी एक गोळा लोणी. कोचीहून आणलेल्या त्याच्या चड्ड्यांचं बायकोनं, तानूबाईनं, कधीच पायपुसणं केलं होतं. नव्या चड्डीची नाडी बांधताना तो खाली बघत नसे. बघितलं तरी नाडी दिसली नसती.

अशात पद्मनाभ आला. हा पुण्याचा. इंजिनियर, चांगली नोकरी सोडून राजाजीनगरात लेथ मशीनचं शेड घेऊन बसलेला, कुणाकुणाला सुटे भाग करून द्यायचा. हाताला लागेल ते सुधारायची त्याला खाज. परसूची पेटी त्यानं एकदा उलटीसुलटी करून बघितली आणि महिन्याभरात स्वतःची नवी पेटी करून आणली. ॲल्युमिनियमची, चपटी, निम्म्या वजनाची. तोटी नाही, रेघ नाही. आत एक पातळ पडदा न् दोन झडपा. पाण्याचा दाब किती, माणूस वर सरकतोय की खाली, हे पडद्याला कळायचं न् झडपा आपोआप पाणी आत-बाहेर करायच्या. तलावात त्यानं ती बांधून दाखवली. उतरला, हात जोडून बसला, अधांतरी राहिला. फक्त दर श्वासाला पाठीमागं फुस्स फुस्स वाजायचं.

परसूनं कानावर हात ठेवला. "नाग पाळलाय का पेटीत?"

पद्मनाभ हसला नाही. पुण्याच्या माणसाला पुण्याबाहेरचा विनोद लागत नाही. त्यानं समजावायला घेतलं. "परसूअण्णा, तुमची सिस्टिम चांगलीच आहे, पण ती एकदा सेट केली की केली. समजा, थंड पाण्यात रबरी सूट घातला. सूट खाली गेल्यावर चेपतो, त्याचं तरंगणं कमी होतं. तुमच्या पेटीला त्याचा पत्ता नसतो. माझी पेटी माणूस आत्ता कसा आहे ते बघते आणि त्याप्रमाणं ॲडजस्ट होते."

"आनी आमची पेटी," परसू म्हणाला, "मानसाला हाय तसं ऱ्हायाला लावती. ज्येला जमत न्हाई त्येनं झडपा लावून घ्याव्यात."

पोरं हसली. परसूला हसणं पुरायचं. पण ती हसली आणि पद्मनाभच्या पेटीभोवती गोळा झाली, हेही त्यानं बघितलं.

क्लबचे सेक्रेटरी नरसिंहराव. यांच्या सात पिढ्या बंगळूरच्या, मराठी बोलायचे तेही कन्नडची फोडणी घालून. पाणबुड्यांच्या क्लबाचा हा सेक्रेटरी उभ्या आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नव्हता, आणि म्हणूनच त्यांचं मत फार ठाम असायचं. त्यांनी ठरवलं की डिसेंबरात पोरांना मुरुडेश्वरासमोरच्या नेत्राणी बेटाला न्यायचं, खऱ्या समुद्रात उतरवायचं. नाव कोळ्याची, लहान. पोरांना तळाशी घेऊन फिरवायला शिकवणारा एकच. तो कोण, यावर घोडं अडलं. निम्मी पोरं म्हणाली परसूकाका, निम्मी म्हणाली पद्मनाभ, नवी सिस्टिम जास्त सेफ आहे.

परसूनं खांदे उडवले. समुद्रात काय ठेवलंय, म्हणाला. पाणी तिथं न् पाणी हितं. पण तानूबाईच्या डोळ्यांना दिसायचं ते दिसत होतं. माणूस सकाळी उठून पायातली रबरी पाती खोबरेल लावून पुसत होता. झोपेत पाय हलवत होता. कोची सुटल्यापासून त्यानं समुद्राचं पोट बघितलं नव्हतं, आणि त्यावाचून तो आतल्या आत सुकत होता. बाहेरून सुकल्याची खूण नव्हती ती गोष्ट वेगळी.

"जायाचं हाय तर तोंडानं मागा की," ती म्हणाली. "नरसिंहराव काय खातोय व्हय?"

"मागायला मी काय भिकारी हाय?" परसू म्हणाला.

मग नरसिंहरावांनीच तोड काढली. दोघांनी आपापली पेटी बांधून बन्नेरघट्ट्याच्या रस्त्याकडच्या जुन्या दगडखाणीत उतरायचं. खाणीत पावसाचं पाणी साठून हिरवा डोह झालेला, खोल. मधे दोरी सोडायची, दोरीला खोलवर गाठ मारायची, आणि गाठीशेजारी हात-पाय न हलवता मांडी घालून राहायचं. ज्याची मांडी गाठीपासून ढळेल तो हरला. ज्याची ढळणार नाही त्यानं नेत्राणीला पोरांना न्यायचं.

"सरी ना परसूअण्णा?" त्यांनी विचारलं.

"सरी," परसू म्हणाला. आणि त्या दिवशी त्यानं डोसे नेहमीपेक्षा जास्त खाल्ले.

खाणीवर रविवारी जत्रा भरल्यासारखी पोरं जमली. नरसिंहराव छत्री उघडून खडकावर बसले, पाण्यापासून लांब. कोण ढळतंय ते बघायला सिद्धी म्हणून क्लबातली एक नागपूरची पोरगी दोरी धरून आधी खाली गेली. परसूनं तोटी उघडली, पाणी तांबड्या रेघेला आणलं, तोटी बंद केली न् गाठीशी जाऊन मांडी घालून बसला. देवळातला देव हलेल, हा हलेना. पद्मनाभही आला, बसला, फुस्स फुस्स सुरू झालं. थोडा वेळ दोघं समोरासमोर. मग खाणीनं आपला गुण दाखवला. त्या पाण्यात दगडाची पिठासारखी भुकटी होती, कैक वर्षांच्या सुरुंगांची. ती पडद्याला बसली, झडप अर्धी उघडी राहिली. पद्मनाभ वर सरकला, झडपेनं पाणी घेतलं, तो खाली गेला, झडपेनं पाणी टाकलं, पुन्हा वर. रहाटाच्या बादलीसारखा तो माणूस वर-खाली वर-खाली होत राहिला, शेवटी दोरी धरून वर आला. परसू हवा संपत आल्यावर मनानंच उठला.

वर आल्यावर त्यानं पद्मनाभला सोडलं नाही. झडपा धुवायला राजाजीनगर लांब पडंल, आमच्यात घासायची राख हाय, न्या म्हणाला. रेघेची नळी त्यानं छत्रीखालच्या नरसिंहरावांच्या नाकासमोर धरली. नरसिंहरावांनी ती नीट पाहिल्यासारखी करून मान डोलवली आणि निकाल दिला: परसूअण्णानं न्यायचं. पद्मनाभनं सदस्य म्हणून यायचं तर यावं. पद्मनाभ म्हणाला, येतो. झडप त्यानं रुमालात गुंडाळून खिशात घातली होती. हरल्याचं त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. असल्या माणसाला फक्त झडप का अडकली एवढंच दिसतं.

घरी तानूबाईनं विचारलं, काय झालं.

"काय व्हायचंय? रेग हलली न्हाई."

"सूर्य बी हलत न्हाई म्हनं," ती म्हणाली. "चड्डी तेवडी हलती. नवी शिवाया टाका, त्या पोरीस्नी घिऊन जाताय समुद्रावर."

डिसेंबरात गेले. पहाटेचा वारा खाऊन नाव बेटाशी लागली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पाणी असं नितळ की वरून तळाचे खडक मोजावेत. परसूनं नावेच्या कडेला हात बुडवून ती बोटं तोंडात घातली. चव बघितली. कुणी बघतंय का ते बघितलं. मग पोरांकडं वळून तोंडाचा पट्टा सुरू केला. तलावातल्या फरशा इसरा. हितं कोन औषध घालून ठेवत न्हाई. माझ्या मागनं यायचं, माझ्या फुडं जायाचं न्हाई, माशाला हात लावायचा न्हाई, त्यो तुमच्या बापाचा न्हाई. कमरेला शिशाचे ठोकळे ओवलेला, कोचीपासूनचा तोच जुना पट्टा बांधला, पाठीवर पेटी घेतली, पाण्यात उतरला. तोटी उघडली. पाणी सावकाश नळीत चढलं आणि तांबड्या रेघेशी आलं. तोटी बंद. परसूनं श्वास सोडला, डोकं खाली घातलं न् बुडी मारली.

आणि वर आला.

पुन्हा मारली. पाय हवेत झाडले, ढुंगण आभाळाकडं झालं, पुन्हा वर आला. बूच जसं येतं तसा.

कारण साधं होतं, ते बाकी कुणालाही कळलं असतं. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो, गोड्यात कमी. ती रेघ कोचीच्या खाऱ्या पाण्यातली, आणि कोचीच्या बारक्या परसूची. बंगळूरच्या गोड्या पाण्यात त्या रेघेवर तो धोंड्यासारखा बुडायला पाहिजे होता. बुडला नाही, कारण दर्शिनीतल्या लोण्यानं त्याला खालून उचलून धरलं होतं. गोड्या पाण्यानं जेवढं काढून घेतलं तेवढं बरोब्बर पोटानं भरून दिलं. दोन चुकांनी एकमेकींना मिठी मारली होती न् परसूनं तिला आपली शान समजून सगळ्या गावाला दाखवली होती. आता पाणी कोचीचं आलं, पोट मात्र बंगळूरचंच राहिलं.

इलाज हातात होता. तोटी उघडायची, रेघेच्या वर थोडं पाणी घ्यायचं, झालं. पण त्यासाठी नावेतल्या सगळ्यांच्या देखत रेघ ओलांडावी लागणार होती. सिद्धी कडेवरून वाकून नळीकडंच बघत होती.

"काका, तुम्ही फ्लोट होताय," ती म्हणाली. "पाणी थोडं जास्त घ्या ना आत."

"रेग बराबर हाय," परसू म्हणाला.

पद्मनाभ शेजारी पाण्यात उतरला होता. नितळ पाण्यात त्याची पेटी एकदाच फुस्स झाली न् तो खाली जाऊन अधांतरी थांबलाही. वर येऊन त्यानं एकही टोमणा मारला नाही. हे परसूला टोमण्यापेक्षा वाईट लागलं. तो म्हणाला, "परसूअण्णा, माझ्याकडं जादा शिसं आहे. देऊ का?"

"शिसं तुज्या मशिनीत घाल."

असं म्हणून परसू नावेच्या कडेला गेला आणि कोळ्याला म्हणाला, तो धोंडा दे. नावेच्या बुडाला भार म्हणून कोळ्यानं ठेवलेले धोंडे होते, त्यातला एक. रागाच्या भरात परसू मराठीत बोलला, ते कोळ्याला येत नव्हतं, पण माणूस पाण्यात तरंगत धोंडा मागतोय एवढं कळलं. त्यानं उचलून दिला. परसूनं तो पोटाशी धरला, सदलग्याच्या विहिरीत धरायचा तसा, आणि सरसर खाली गेला. पोरं त्याच्या मागं गेली.

तळाशी खडक, खडकांत रंगीत माशांची दाटी, आणि परसू वाळूवर मांडी घालून, धोंडा मांडीवर घेऊन बसलेला. पोरं भोवती जमली. त्यानं हातानं खूण करून दाखवलं, चला. पण एक हात धोंड्याला, एका हातानं पोहणार कसं? दोन पावलं तो वाळूतनं चालला. धोंडा सोडला की वर जाणार, धरला की जाग्याला बसणार. पोरं थोडा वेळ थांबली. मग पद्मनाभनं खडकाच्या पलीकडं बोट दाखवलं आणि सगळी पोरं त्याच्या मागं निघाली, ओळीनं. सिद्धीनं एकदा वळून बघितलं.

परसू एकटाच राहिला. ज्यासाठी खाणीत देवासारखा बसला, ज्यासाठी पात्यांना खोबरेल चोपडलं, तो समुद्र आता चहूबाजूंनी होता न् हा त्यात धोंडा घेऊन बसला होता, दळण घेऊन गिरणीत बसल्यासारखा. एक जाडगेला मासा त्याच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला. ना कमी ना जास्त, नेमका अधांतरी. परसूनं त्याला हाकललं. तो हलला नाही.

मग परसूनं मान वळवून खडकाकडं बघितलं. कुणी नव्हतं. वर नावेचं काळं बूड तेवढं. त्याचा हात पाठीमागं गेला, तोटीला लागला, थांबला. मग त्यानं तोटी उघडली. पाणी तांबड्या रेघेला आलं, तिच्यावर चढलं, आणखी वर गेलं. परसू नळीकडं बघत नव्हता. अंगावरनंच त्याला कळलं, कोचीला कळायचं तसं. त्यानं तोटी बंद केली, धोंडा वाळूवर ठेवला, आणि तो जिथं होता तिथंच राहिला.

पुढं सिलिंडरात हवा होती तोवर परसू त्या खडकांतून हिंडला. कपारीत डोकं घालून गाळ उकरला, पोटावर पडून वाळू चाळली, उताणा होऊन वरचं ऊन बघितलं. पोरांच्या बाजूला मुद्दाम गेला नाही. त्याला कुणी बघायला नको होतं, आणि तिथं बघण्यासारखं तेवढंच होतं.

वर यायच्या आधी त्यानं थोडं पाणी टाकून नळी पुन्हा रेघेला आणली. त्यासरशी समुद्रानं त्याला असा वर फेकला की नावेतल्या कोळ्यानं वल्हं उगारलं.

परतीला पोरं पद्मनाभभोवती बसून माशांची नावं जुळवत होती. क्लबात नव्या झडपेच्या पेट्या करायच्या, हे त्या नावेतच ठरून गेलं. परसूला कुणी विचारलं नाही. शेवटी सिद्धीनंच विषय काढला, बहुतेक त्याला बरं वाटावं म्हणून. काका, पेटी कॉन्स्टंट आहे तर मग तुम्ही तरंगलात का?

परसू समुद्राकडं बघून थुंकला.

"मीठ वाडलंय," तो म्हणाला. "आमच्या वक्ताला असा खारट नव्हता."

कोळी धोंडा मागत होता, हातानं आकार दाखवून. परसूनं पाण्याकडं बोट केलं. त्या बोटाला वाळू लागलेली होती. नखात, पार खोलवर, तळाचा काळा गाळ होता, आणि तो त्यानं बंगळूरला घरी जाईपर्यंत धुतला नाही. तानूबाईनं जेवायला वाढताना तो बघितला.

"हात धुवा आदी," ती म्हणाली. "आनी रेग?"

"हाय तितंच हाय," परसू म्हणाला, आणि ताट पुढं ओढलं.